नित्याच्या अवमानाचे वाङ्मय

बराकपूर हे नाव भारतीय इतिहासात एका दिवसाशी जखडले गेले आहे. २९ मार्च १८५७ रोजी तेथील छावणीच्या मैदानावर मंगल पांडे या शिपायाने शस्त्र उचलले, आणि हे गाव शाळकरी मुलांनाही ठाऊक झाले. त्याच बराकपूर उपविभागात, पानिहाटी नगरपालिकेच्या हद्दीतील सोदपूर येथे, ९ डिसेंबर १९३२ रोजी कलकत्त्यात निवर्तलेल्या रोकेया सखावत हुसेन यांचे दफन झाले. त्या कबरीचा ठावठिकाणा पुढे दीर्घकाळ लोकांच्या विस्मरणात गेला होता. इतिहासकार अमलेंदु दे यांच्या परिश्रमाने तो पुन्हा प्रकाशात आला. आज त्या जागी मुलींची शाळा आहे. जिला दिनांक असतो ती गोष्ट इतिहास सहज लक्षात ठेवतो. रोकेयांनी आयुष्यभर ज्याविषयी लिहिले त्याला दिनांक नव्हता. ते दररोज घडत होते. अशा नित्याच्या गोष्टीला वाङ्मयात कोणता घाट मिळतो, आणि तो घाट ओळखण्यात समीक्षा कोठे उणी पडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

स्त्रियांच्या दुःखाची दोन रूपे वाङ्मयाच्या दृष्टीने भिन्न आहेत. सती, केशवपन, बालवैधव्य यांना आरंभ, परमोच्च बिंदू आणि शेवट असतो. त्यामुळे कादंबरीच्या रचनेत ती सहज सामावतात. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूची कहाणी अशा रचनेचा श्रेष्ठ नमुना होय. वाचक हळहळतो, संतापतो, आणि पुस्तक मिटताना आपण त्या क्रूर माणसांपैकी नाही या जाणिवेने काहीसा हलकाही होतो. दुसरे रूप याहून अवघड आहे. पंगतीत मागाहून बसणे, हातातील पुस्तक पाहून उठणारे कुत्सित हसू, तिच्या मताला ‘बायकांची अक्कल’ म्हणून मिळणारी वाट, पुरुषाच्या ज्या चुकीला वय कारण ठरते त्याच चुकीला तिच्या बाबतीत जात्याच असलेला दोष मानणे: यांपैकी कशातही कथानक नाही. एकेक प्रसंग सांगू लागावे तर तो क्षुल्लक वाटतो, आणि सांगणारीच रडगाणे गाणारी ठरते. क्षुल्लकाची बेरीज कशी मांडावी, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे. तो मराठीत एका स्त्रीने १८८२ साली, आणि बंगालीत दुसरीने १९३१ साली, सर्वस्वी निराळ्या मार्गांनी सोडविला.

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर जे प्रवचन झडले, त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात ती छापली गेली. खटला हे केवळ निमित्त होते. ग्रंथात विजयालक्ष्मीची कहाणी जवळजवळ नाही. ताराबाई तेथून ताबडतोब निघतात त्या घराघरांतील ओसरीवर, माजघरात, बाजारात येऊन पोहोचतात. परंपरेने स्त्रियांच्या माथी मारलेले दोष त्या एकामागून एक हाती घेतात आणि प्रत्येक वेळी तोच साधा प्रश्न विचारतात: हा दोष पुरुषात नाही काय? कपट, साहस, संशय, मोह या प्रत्येकाचे माप दोन्ही पारड्यांत घातले जाते. बायको वारताच दुसरी करणारा आणि विधवेला कोपऱ्यात बसविणारा एकाच घरात राहतो, ही विसंगती त्यांना सिद्ध करावी लागत नाही. ती शेजारी शेजारी ठेवावी लागते, एवढेच.

या तुलनेचा एक भाग विशेष लक्षणीय आहे आणि समीक्षेने त्याकडे पुरेसे पाहिलेले नाही. ताराबाई पुस्तके वाचतात. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, ‘मनोरमा’ नाटक, स्त्रियांच्या कपटाच्या गोष्टी सांगणारे ‘स्त्रीचरित्र’ हे त्या काळचे लोकप्रिय वाङ्मय त्या समोर ठेवतात आणि विचारतात की या बायका कोणत्या गावी, कोणत्या घरी राहतात. ग्रंथांतील स्त्री आणि घरातील स्त्री यांच्यातील अंतर त्या मोजतात. वाङ्मयातील स्त्रीचित्रणाची ही मराठीतील आरंभीची परखड समीक्षा आहे, आणि ती विद्यापीठाबाहेर, विदर्भातील एका तालेवार पण पडदा पाळणाऱ्या समाजातील स्त्रीने केलेली आहे. स्त्रीद्वेषाची पुस्तके वाचणे हे तिच्या दृष्टीने करमणुकीचे वा विद्वत्तेचे काम नव्हते. नित्याच्या टोमण्याला अधिकार कोठून मिळतो, हे शोधण्याचे ते साधन होते. ओसरीवरचा पुरुष जे बोलतो ते त्याने कोणत्या तरी पोथीतून उचललेले असते, हा तिचा निष्कर्ष आजही खोटा ठरलेला नाही.

ग्रंथाची भाषा बोलीतील आहे. वाक्ये लांबत जातात, मध्येच वळतात, समोरच्याला ‘अरे’ म्हणून गाठतात. हा अव्यवस्थितपणा नवशिकेपणाचा मानण्याची रीत आहे, आणि प्रस्तावनेतील लेखिकेच्या विनयाने तिला बळही दिले आहे. परंतु ज्या विषयाला कथानक नाही त्याला न थांबणारे बोलणे हाच घाट साजतो. नित्याचा अवमान जसा संपत नाही तसे हे वाक्यही संपत नाही. ग्रंथावर टीका उठली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. तरीही त्यांनी पुन्हा ग्रंथ लिहिल्याचे दिसत नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाङ्मयाचे बहुतेक इतिहास त्याच्याविना लिहिले गेले होते.

रोकेयांचा मार्ग पाहू गेल्यास प्रथम साम्य डोळ्यांत भरते. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सुलतानाज ड्रीम’ या इंग्रजी कथेत पुरुष घरात कोंडलेले आहेत आणि राज्य, विज्ञान व रस्ते स्त्रियांच्या हाती आहेत. ताराबाईंची तुलना आणि ही अदलाबदल एकाच विचाराची दोन अंगे होत: नियम योग्य असेल तर तो दुसऱ्या पक्षाला लावून पाहावा. जे स्त्रीला लावताना स्वाभाविक वाटते ते पुरुषाला लावताच हास्यास्पद दिसते, आणि त्या हास्यातच नियमाची परीक्षा होते. मराठीत काशीबाई कानिटकरांनी १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’मध्ये स्त्रीच्या हाती राज्यकारभार देऊन त्याच दिशेचे स्वप्न रंगविले.

परंतु स्वप्नाच्या कथेनंतर सव्वीस वर्षांनी रोकेयांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात कल्पनेचा लवलेश नाही. ‘अवरोधवासिनी’ म्हणजे पडद्यातील सत्तेचाळीस लहान टिपा, केवळ क्रमांक घातलेल्या. एका टिपेत फलाटावर बसलेल्या बुरखाधारी स्त्रियांवर त्यांचा रखवालदार जाड सतरंजी पसरतो, आणि रेल्वेचा कर्मचारी तो ढीग सामानाचा समजून पायाने ढोसतो. दुसरीत घराला आग लागते. बाई दागिन्यांची पेटी घेऊन दाराशी येते, अंगणात आग विझविणारे परपुरुष पाहते, आत परतून पलंगाखाली शिरते आणि जळून जाते. किऊल स्थानकावर गाडी बदलताना बुरख्यात अडखळून रुळांवर पडलेल्या स्त्रीला उचलण्यास हमाल धावतात. सोबतची दासी त्यांना हात लावू देत नाही. तिला एकटीला ती उचलत नाही. गाडी काही वेळ थांबते आणि मग निघते. शेवटची टीप लेखिकेच्या स्वतःच्या शाळेविषयी आहे. मुलींना आणण्यासाठी केलेली मोटारगाडी इतकी बंदिस्त होती की मुली घुसमटून बेशुद्ध पडत. म्हणून कापडी पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात अशी तक्रारीची पत्रे आली.

या टिपांत लेखिका टाहो फोडत नाही, उपदेशही करीत नाही. ढोसली गेलेली सतरंजी आणि जळून गेलेली बाई यांना ती सारख्याच लांबीच्या, सारख्याच कोरड्या वाक्यांत सांगते. हसू आणि मृत्यू शेजारी मांडल्याने वाचकाला कळते की दोहोंचे कारण एकच आहे. फक्त त्या दिवशी आग लागली होती की नव्हती, एवढाच फरक. कथेत जो परमोच्च बिंदू असतो तो येथे जाणीवपूर्वक काढून टाकला आहे. बेरीज हाच तिचा घाट आहे. ताराबाई न थांबता बोलतात, रोकेया मोजून थांबतात. पण एका प्रसंगाला सर्व दुःखाचा मुकुट घालण्याचे दोघीही टाळतात.

किऊलच्या टिपेत आणखी एक गोष्ट आहे. अडविणारा पुरुष नाही. ती दासी आहे. नित्याच्या अवमानाचे राज्य पुष्कळदा स्त्रियांच्याच हातून चालविले जाते. रमाबाई रानड्यांच्या १९१० मधील ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचताना हेच दिसते: पती रात्री शिकवितो आणि दिवसा घरातील आप्त स्त्रिया त्या शिकण्याची किंमत वसूल करतात. बंगालच्या राससुंदरी देवींनी स्वयंपाकघरात पोथीचे सुटे पान लपवून अक्षरे ओळखली, ती सासरच्या माणसांच्या नजरेच्या भयाने. पुरुष दुष्ट आणि स्त्री निष्पाप अशी सोपी मांडणी या पुस्तकांनी मोडली आहे, म्हणून त्यांना केवळ प्रचारवाङ्मय म्हणता येत नाही. प्रचाराला दोषी एक लागतो. येथे दोष वाटला गेला आहे.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ताराबाई पुरुषाला पातिव्रत्याच्या मापाने मोजतात. ते माप मुळात कोणी केले हा प्रश्न त्या अर्ध्यावर सोडतात. रोकेयांची किऊलची दासी त्या अपघाताचे साधन म्हणूनच येते. तिचे स्वतःचे नित्य जीवन कोणत्याही क्रमांकाखाली नाही. सोदपूरच्या अवतीभोवती, हुगळीच्या काठाने टीटागढ, कामारहाटी, नैहाटीपर्यंत तागाच्या गिरण्या उभ्या होत्या. तेथे स्त्रिया राबत होत्या आणि विसाव्या शतकाच्या ओघात त्यांची संख्या घटत गेली. त्यांना पडदा परवडणारा नव्हता, आणि त्यांच्या अवमानाची टीप कोणी केली नाही. मराठीत ही उणीव पुष्कळ उशिरा भरू लागली. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये जातीचा अवमान आणि सासूचा छळ एकाच श्वासात येतात, आणि ताराबाईंचे न थांबणारे बोलणे एका निराळ्या वस्तीत पुन्हा ऐकू येते.

या ग्रंथांची वाट मराठी समीक्षेने दोन सभ्य शब्दांनी अडविली आहे. त्यांना ‘समाजसुधारणेचे दस्तऐवज’ म्हटले की त्यांच्या गद्याची परीक्षा करावी लागत नाही. ‘स्त्रीमुक्तीचे अग्रदूत’ म्हटले की त्यांच्याशी वाद घालावा लागत नाही. दोन्ही शब्द आदराचे आहेत आणि दोन्हींचा परिणाम एकच: ग्रंथ कपाटात जातो. येथे वाचकाची स्थितीही तपासली पाहिजे. अवमानाच्या पुस्तकांचा जाणकार वाचक स्वतःला न्यायाधीशाच्या आसनावर बसवितो. परिसंवादात तो ताराबाईंचा गौरव करतो आणि त्याच परिसंवादात बोलणाऱ्या स्त्रीचे वाक्य मध्येच तोडतो. ‘तुलना’ हा शब्द ग्रंथाच्या नावातच आहे. ती तुलना वाचणाऱ्याशीही आहे. सत्तेचाळीस टिपांपैकी आपली कोणती, हे ज्याने स्वतःला विचारले नाही त्याने ‘अवरोधवासिनी’ वाचली असे म्हणणे कठीण.

समीक्षेच्या हाती एक लहान पण निश्चित काम आहे. १८७४ साली सुरू झालेली ‘निबंधमाला’ मराठी निबंधगद्याचे शिखर म्हणून शिकविली जाते, आणि ते योग्यही आहे. निबंधमालाकार ज्या वर्षी निवर्तले त्याच १८८२ मध्ये बुलढाण्याच्या या स्त्रीचे पुस्तक पुण्यात छापले गेले. चिपळूणकरांचा उपरोध आणि ताराबाईंचा उपरोध शेजारी ठेवून शिकविला, त्यांची वाक्यरचना, त्यांचे दृष्टान्त, त्यांचा वाचकाशी असलेला संबंध यांची चिकित्सा झाली, तर मराठी गद्याच्या इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागेल. त्यात कोण वरचढ ठरेल हे आधी ठरविण्याचे कारण नाही. दोन्ही पारड्यांत एकच माप घालावे, हा आग्रह तर मूळ ग्रंथाचाच आहे.