सोवळे, तुलना आणि श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चा एक विचार

लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या ग्रंथाविषयी जे लिहिले गेले त्यात निर्व्याज निवेदन, निर्मळ विनोद आणि परखड प्रांजळपणा हे तीन गुण प्रायः एकत्रच नांदतात. हे गुण त्यात आहेत याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि गुणांची नोंद झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. शाळेचे तोंड न पाहिलेली एक स्त्री मराठीतील एका मान्यवर कवीशेजारी चार दशके संसार करते. पंडित, वक्ता, कीर्तनकार, संपादक अशा नानाविध नात्यांनी हा पती लोकांसमोर उभा असतो. दिवसातून दहा वेळा त्याच्याशी आपली तुलना व्हावी आणि प्रत्येक वेळी आपल्याच पदरी उणेपणा यावा, अशीच ही परिस्थिती होय. अशा परिस्थितीत मन खचते, वाचा बंद होते. लक्ष्मीबाईंची वाचा मात्र उत्तरोत्तर मोकळी होत गेली. हे कसे घडले?

‘त्यांचा स्वभावच तसा होता’ हे या प्रश्नाचे रूढ उत्तर आहे. ते खोटे नसले तरी अपुरे आहे. ‘स्मृतिचित्रे’तील घटनाक्रम बारकाईने पाहिला असता असे दिसते की, तुलनेतून येणाऱ्या विषादावर लक्ष्मीबाईंनी केलेली मात आणि त्यांनी केलेला सोवळ्याचा त्याग या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू आहेत, आणि त्या प्रक्रियेला त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेने पूर्णता आणली. प्रस्तुत लेखात याच मताची छाननी करावयाची आहे.

प्रथम श्रद्धेचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. स्वतःस इतरांशी ताडून पाहण्याच्या प्रवृत्तीचा विचार नव्या करारात अनेक स्थळी आला आहे. द्राक्षमळ्याच्या दृष्टांतात सकाळपासून राबलेल्या मजुरांना त्यांची ठरलेली मजुरी पुरती मिळते. अखेरच्या घटकेस आलेल्यांनाही तेवढीच मिळाली, एवढ्यावरून त्यांना ती कमी वाटू लागते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याच्या भवितव्याची चौकशी करतो. ख्रिस्त ती चौकशी बाजूस सारतो आणि पेत्राला त्याच्या स्वतःच्या अनुसरणाकडे वळवितो. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रत्येकाने स्वतःचे काम पारखावे, दुसऱ्याच्या कामाशी ते ताडू नये, असा उपदेश केला आहे. ‘तूही काही कमी नाहीस’ असे आश्वासन या तिन्ही स्थळी कोणाला दिलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. असे आश्वासन जुनेच माप कायम ठेवते आणि फक्त आकडा बदलून देते. येथे मापच काढून घेतले आहे. मजुराला त्याचा करार उरतो, शिष्याला त्याचे अनुसरण उरते. शेजाऱ्याचा हिशेब त्याच्या अधिकारात राहत नाही.

स्वधर्म गुणहीन वाटला तरी तोच श्रेयस्कर, हा गीतेचा विचार मराठी वाचकास परिचित आहे, आणि वरील विचाराशी त्याचे बाह्य साम्यही आहे. परंतु परंपरेने स्वधर्माचा संबंध बहुधा जन्मप्राप्त स्थानाशी जोडला. त्यामुळे व्यक्तीची तळमळ शमली तरी स्थानांची उतरंड जागच्या जागी राहिली. लक्ष्मीबाईंच्या अनुभवात ही उतरंडच प्रथम ढासळली, म्हणून हा भेद येथे महत्त्वाचा ठरतो.

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लेखिकेच्या आजोबांना फाशी झाली. या आघातानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचा जो ध्यास लागला त्याने सारे घर व्यापून टाकले. लक्ष्मीबाई हा भाग हसत हसत सांगतात. परंतु धुण्यापुसण्याच्या या अखंड खटाटोपाखाली घरातील बायकामुलांचे जे हाल झाले ते त्या लपवीत नाहीत. सोवळे हा केवळ स्वच्छतेचा अतिरेक नव्हे. कोण कोणाच्या वर, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या सावलीने काय विटाळते, याचा तो अहोरात्र चालणारा हिशेब आहे. दुसऱ्याकडे पाहिल्यावाचून सोवळे पाळताच येत नाही. म्हणजे तुलना ही या घरातील चुलीइतकीच नित्याची वस्तू होती, आणि मनू गोखले तिच्या छायेतच वाढली.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी मनूची लक्ष्मी झाली आणि ती नारायण वामन टिळकांच्या घरी आली. येथे मापाचा प्रकार बदलला. माहेरी ते शुद्धीचे होते, येथे विद्येचे झाले. पत्नीने शिकावे अशी टिळकांची मनापासून इच्छा होती. परंतु शिकविण्यास लागणारा धीर त्यांच्या प्रकृतीत नव्हता. धडा सुरू होई, गुरुजी अधीर होत आणि धडा मोडे. ज्याला शब्द शोधावे लागत नाहीत अशा माणसाने अक्षर जुळविणाऱ्या माणसाला शिकवावे, यात जी विसंगती आहे ती लक्ष्मीबाईंनी पुढे विनोदाने टिपली. परंतु ज्या दिवशी ती घडली त्या दिवशी ती विनोदी वाटली असेल असे समजण्याचे कारण नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि या विषादाला सामाजिक रूप आले. आतापर्यंत लक्ष्मीबाई स्वतःस पतीशी ताडीत होत्या. आता लोक त्यांना इतर बायकांशी ताडू लागले. पती जिवंत असून अंतरलेला. सौभाग्य आहे आणि नाहीही. आप्तांच्या आश्रयाने काढलेल्या या काही वर्षांच्या वर्णनात ‘स्मृतिचित्रे’चा सूर प्रथमच खोल जातो. ज्या स्त्रीला समाजाच्या एकाही रकान्यात बसविता येत नाही, तिच्या वाट्याला प्रत्येक रकान्यातील कमीपणा येतो, हे त्या प्रकरणांवरून कळते.

यानंतर लक्ष्मीबाई नगरला पतीकडे आल्या. परंतु धर्म सोडून आल्या नाहीत. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी निराळे राहिले. पुढे जो पालट झाला त्याचा क्रम समीक्षेने पुरेसा ध्यानात घेतलेला नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मात्र जातीचे बंधन त्याआधीच गळून पडले होते. जातिभेद ईश्वराचा की माणसाचा, या प्रश्नाचा त्यांनी स्वतःशीच विचार केला, तो माणसाचा असल्याचा निर्णय केला आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या सिद्ध झाल्या. टिळकांच्या पांडित्याने जे साधले नव्हते ते या एकट्या विचाराने साधले.

बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राशी ताडून पाहिले असता या क्रमाचे वैशिष्ट्य उठून दिसते. तेथे ग्रंथवाचन, शंका, वादविवाद आणि खात्री अशा पायऱ्यांनी धर्मांतर होते. बुद्धी एक सिद्धांत सोडते आणि दुसरा स्वीकारते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत सिद्धांतापूर्वी माप सुटले. त्यातही विशेष हे की, ज्या मापाने त्या इतरांहून वर ठरत होत्या तेच त्यांनी प्रथम टाकले. आपणांस खाली दाखविणारी तुलना टाकून द्यावी असे कोणालाही वाटते. आपणांस वर चढविणारी तुलना टाकणे दुष्कर असते. ती एकदा टाकली की पहिलीचा आधारही सुटतो, कारण शिडी एकच असते. पाणी देणाऱ्या बाईच्या जातीचा हिशेब ज्या मनाने सोडला, त्याच मनाला पुढे पतीच्या विद्वत्तेचा हिशेबही सोडता आला. ‘स्मृतिचित्रे’त हा कार्यकारणभाव शब्दांनी सांगितलेला नाही, तो निवेदनाच्या बदललेल्या सुरावरूनच जाणावा लागतो.

हा बदललेला सूर सर्वाधिक स्पष्ट होतो तो टिळकांच्या चित्रणात. विसरभोळे, उदार, रागीट, संसाराचा पैसा भलत्याच कामी खर्चून निश्चिंत मनाने घरी येणारे टिळक या ग्रंथात जसे दिसतात तसे दुसरीकडे कोठेही दिसत नाहीत. या चित्रात पूजा नाही आणि सूडही नाही. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (१९१०) या तितक्याच थोर ग्रंथाची येथे सहज आठवण होते. रमाबाईंचा पती हा गुरू आहे, आणि शिष्येची नजर गुरूच्या चरणांवरून फारशी वर जात नाही. त्या नम्रतेचे सौंदर्य निर्विवाद आहे. लक्ष्मीबाई पतीकडे समोरून पाहतात. टिळकांवरील त्यांचे प्रेम रमाबाईंच्या निष्ठेहून उणे नाही. परंतु प्रेम करण्यासाठी स्वतःस लहान करण्याची गरज त्यांना उरलेली नाही. बालकवी ठोमरे यांच्यासारखा कवी ज्या घरात मुलासारखा वावरला, त्या कवींच्या घरात त्या स्वतःही कविता रचू लागल्या, याचे मर्म हेच असावे. त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९५१ साली निघाला.

या मुक्तीची खरी कसोटी ‘ख्रिस्तायना’ने घेतली. ख्रिस्तचरित्रावरील हे दीर्घकाव्य टिळकांनी आरंभिले; ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर एवढ्या विस्ताराचा संकल्प मराठीत क्वचितच कोणी केला असेल. लक्ष्मीबाईंनी हे काम हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचून त्याचा बहुतेक सारा विस्तार सिद्ध केला. एकाच काव्यात, एकाच विषयावर, पतीच्या ओळींच्या लगत आपल्या ओळी ठेवणे म्हणजे तुलनेला आमंत्रण देणेच होय. प्रत्येक वाचक सांधा शोधणार, हे त्यांना कळत नसेल असे नाही. टिळकांची संस्कृतप्रचुर सफाई त्यांच्या रचनेत नाही, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आपली रचना टिळकांच्या तोडीची ठरेल काय, या प्रश्नाने त्या अडल्या असत्या तर काव्य अपुरेच राहिले असते. काम पुढ्यात होते, ते करावयाचे होते. द्राक्षमळ्यातील मजुराचा करार तो हाच.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लक्ष्मीबाईंची विनोदबुद्धी धर्मांतरापूर्वीचीच आहे. मग श्रेय श्रद्धेस कशासाठी द्यावे? विनोदबुद्धी पूर्वीची हे खरे. परंतु वियोगाच्या वर्षांत ती त्यांना तारू शकली नव्हती. विनोद दुःखाला सुसह्य करतो. दुःख ज्या मापातून जन्मते ते माप तो मोडीत नाही. श्रद्धेने विनोद दिला नाही, त्याच्यातील डंख काढला, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ख्रिस्ती समाजात तरी तुलना कोठे नव्हती? परदेशी मिशनरी आणि एतद्देशीय ख्रिस्ती यांच्या अधिकारात अंतर होते आणि तुकोबांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांना ते सतत जाणवत होते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा उपक्रम केला. यावरून संस्था आणि श्रद्धा यांत भेद करणे अवश्य ठरते. एक शिडी मोडून आलेल्या माणसापुढे संस्था दुसरी शिडी उभी करू शकते. लक्ष्मीबाईंना तारले ते नव्या समाजातील स्थानाने नव्हे. तसे असते तर ते स्थान डळमळताच विषाद परतला असता.

‘स्मृतिचित्रे’च्या जन्मकथेकडे वळल्यास या विवेचनाला आणखी पुष्टी मिळते. पुत्र देवदत्त यांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात अशी त्यांची विनंती होती. म्हणजे दुसऱ्याच्या चरित्राची सामग्री म्हणून हे लेखन सुरू झाले. त्या दुय्यम भूमिकेबद्दल लेखिकेने कुरकूर केली नाही आणि त्या भूमिकेत ती अडकलीही नाही. टिळकांविषयी लिहिता लिहिता ती आपल्या काळाविषयी, आपल्या माणसांविषयी आणि संकोच न धरता आपल्याविषयी लिहीत गेली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी ती निवर्तली तेव्हा मराठी गद्याला एक नवे वळण लागून गेले होते.

समीक्षेने मात्र तिला पुन्हा त्याच तराजूत घातले आहे. कोणी तिला टिळकांची सावली मानले. पुढे वारे फिरल्यावर कोणी तिला टिळकांहून श्रेष्ठ ठरविले. दोन्ही निर्णयांत तराजू तोच आहे, पारडे तेवढे बदलले. लक्ष्मीबाईंच्या गद्याचा अभ्यास यापुढे ज्यांना करावयाचा आहे त्यांनी बोलभाषेतील तिची वाक्यरचना, प्रसंगाचा आरंभ आणि शेवट साधण्याची तिची रीत, दुःखाच्या ऐन प्रसंगी आखूड होणारे तिचे वाक्य, यांचा स्वतंत्रपणे विचार करणे अगत्याचे आहे. हे काम अद्याप बरेचसे व्हावयाचे आहे.