फोटोची वाटणी होत नाही

सँड्रा पेट्रोनिओ यांचं ‘बाउंडरीज ऑफ प्रायव्हसी’ हे २००२चं पुस्तक. आपण खासगी गोष्ट कुणाला सांगितली, की तो तिचा सहमालक होतो आणि पुढचे नियम दोघांनी मिळून ठरवायचे, असा त्यांचा सिद्धान्त. गुपितापुरता तो आम्हाला पटतो. पण लग्नातला पाच जणांचा फोटो घ्या. एकानं फेसबुकवर टाकला, बाकीच्यांना विचारलंच नाही. टॅग काढता येतो, हो. त्यानं नाव जातं, चेहरा तिथंच राहतो. मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबात पटेनासं झालं तर वाटणी तरी मागता येते. फोटोला काय कात्री लावणार? म्हणून ‘मालकी’ हा शब्दच आम्हाला इथं खटकतो. मालक म्हटले की मतं मोजणं आलं. चौघं ‘राहू दे’ म्हणतात. पाचवी नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून, पत्ता लपवून राहणारी बाई आहे. मागे हॉलची पाटी स्पष्ट दिसते. चार विरुद्ध एक! आमच्या मते तिचा एकटीचा नकार पुरेसा धरला पाहिजे, आणि कारण न विचारता. नियम असे विस्कटतात त्याला पेट्रोनिओ ‘टर्ब्युलन्स’ म्हणतात, म्हणजे खळबळ. या बाईच्या बाबतीत तो शब्द फारच मवाळ आहे.