जाहिरातीच्या चौकटीतील रेषा : कीथ हॅरिंग आणि बालशैक्षणिक दूरचित्रवाणी

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंग (१९५८–१९९०) यांच्या आकृत्यांचे 'सेसमी स्ट्रीट' या बालशैक्षणिक मालिकेसाठी लघु चलत्‌चित्रांत झालेले रूपांतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. रस्त्यावरची कला दूरचित्रवाणीवर आली की निर्जीव होते, हा समज येथे अपुरा ठरतो.

इ.स. १९८० पासून सुमारे पाच वर्षे हॅरिंग यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत, मुदत संपलेल्या जाहिरातींवर चिकटविलेल्या काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने चित्रे काढली. पोलीस येण्यापूर्वी चित्र पुरे व्हावयास हवे, पाहणाराही घाईत. स्वारगेटला एस.टी. गाठण्यासाठी धावणारा, अथवा २०२४ पासून तेथील भुयारी मेट्रो स्थानकात उतरणारा प्रवासी चित्रासमोर किती क्षण थांबेल, याची कल्पना केल्यास त्या रेषेचे स्वरूप उलगडते. बाह्यरेषा जाड व सलग; माणसांना चेहरा नाही, वर्ण नाही. रांगते बाळ, भुंकणारा कुत्रा एका दृष्टिक्षेपात ओळखू येतात.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'च्या जोन गँझ कूनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरे आणि अंक शिकविण्यासाठी जाहिरातीचेच तंत्र योजले : अल्प अवधी, ठसठशीत प्रतिमा, पुनरावृत्ती. हॅरिंग यांनी जाहिरातीची जागा घेतली, मालिकेने तिची रीत. (१९८६ मध्ये हॅरिंग यांनी स्वतःचे 'पॉप शॉप' हे दुकान काढले, हा भाग निराळा.) म्हणूनच हे रूपांतर उपरे वाटत नाही.

तथापि काही हरवतेच. एड्स, वर्णद्वेष, अणुयुद्ध हे त्यांचे विषय मुलांसाठी वगळणे स्वाभाविक होय. ती हानी मोठी नव्हे. त्यांच्या आकृत्यांभोवती हालचाल सुचविणाऱ्या छोट्या रेषा असतात. आकृती प्रत्यक्ष हलू लागली की त्या केवळ अलंकार उरतात, आणि पाहणाऱ्याने मनात करावयाची हालचाल पडदाच करून टाकतो. शिवाय फलाटावरील मुलाला चित्र काढणारा हात दिसत असे. पडद्यावर तयार चित्र येते.

पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेली 'बालचित्रवाणी' २०१७ मध्ये बंद पडली. तिच्या कार्यक्रमांचा विचार आपण बहुधा अभ्यासक्रमाच्या अंगाने केला. त्यांतील चित्रे कोणत्या परंपरेतून आली, आशयाला ती केवळ पूरक होती की स्वतः काही शिकवीत होती, याची चिकित्सा मराठी समीक्षेत क्वचितच आढळते. आपल्या महाविद्यालयांतील शिक्षणशास्त्र आणि कला या विभागांनी ते काम एकत्र बसून हाती घ्यावयास हवे, आणि तेही त्या काळातील निर्माते व चित्रकार सांगावयास उपलब्ध आहेत तोवर.