सैनिकांचे कथन आणि इतिहासाचे अध्यापन

इतिहासाच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तकातील तयार निष्कर्षांवर विसंबून न राहता अस्सल कागद स्वतः वाचावा आणि युद्धातून परतलेल्या सैनिकाचे कथन त्याच्याच तोंडून ऐकावे, असा आग्रह अमेरिकेतील अनेक अध्यापक धरतात. अमेरिकन काँग्रेसने २००० साली कायदा करून लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे अशा कथनांच्या संग्रहाचे काम सोपविले, त्यामुळे या आग्रहाला भक्कम साधन लाभले. हा आग्रह योग्यच आहे. परंतु कागद म्हणजे पुरावा आणि कथन म्हणजे त्यात भरावयाचा रंग, अशी वाटणी वर्गात नकळत होते. आमचा आक्षेप या वाटणीला आहे.

एक उदाहरण घेऊ. १९४२ साली अमेरिकन मरीन दलाने २९ नॅव्हाहो तरुण भरती केले व त्यांच्या मातृभाषेच्या आधारे एक सांकेतिक भाषा सिद्ध करविली. तिचा शब्दकोश उपलब्ध आहे. त्यात रणगाड्यास कासव, पाणबुडीस लोखंडी मासा आणि बाँबला अंडी म्हटले आहे. भाषेच्या अभ्यासकास हा कोश मोलाचा वाटेल, यात नवल नाही. नव्या वस्तूला जुन्या अनुभवातून नाव कसे मिळते, हे तो दाखवितो. परंतु हे शब्द बोलणाऱ्यांपैकी कित्येकांना लहानपणी सरकारी निवासी शाळांतून हीच भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली होती, याचा त्यात मागमूस नाही. ते कळते सैनिकांच्या कथनांतून. येथे कथन कागदाला रंग देत नसून त्याचा अर्थच पालटविते.

म्हणून कथन निर्दोष ठरते, असे मात्र नव्हे. या सैनिकांवरील गुप्ततेचे बंधन १९६८ साली सुटले. मूळ २९ जणांना काँग्रेसची सुवर्णपदके २००१ साली प्रदान झाली. पदकानंतर सांगितलेली आठवण आणि त्यापूर्वीची आठवण यांचे वजन एक नसते. तेव्हा घटना केव्हा घडली याबरोबरच ती केव्हा सांगितली गेली, हेही विद्यार्थ्याने नोंदविले पाहिजे. त्याने प्रश्नाची घडणही तपासावी. ‘तुम्हांला अभिमान वाटला ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले असते. ‘त्या वेळी काय वाटले?’ या प्रश्नात ते नसते. मुलाखत इंग्रजीत झाली असेल, तर जी भाषा हाच कथनाचा विषय, तीच कथनातून गळून पडली, हेही ध्यानी घ्यावे. आणि केवळ लिखित उतारा हाती देऊन भागत नाही. अडखळणे, थांबणे, वाक्य अर्धवट सोडणे हे उताऱ्यात पुसले जाते. कित्येकदा साक्ष तेथेच असते.

मूळ २९ जणांपैकी अखेरचे चेस्टर नेझ २०१४ साली निवर्तले. त्यांना आता नवा प्रश्न विचारता येणार नाही. जे ध्वनिमुद्रित झाले, तेवढेच उरले. कागद ज्या कसोटीने वाचावयाचा, त्याच कसोटीने ते ऐकण्याची शिस्त विद्यार्थ्यास लावणे, हे अध्यापकाचे कर्तव्य होय. ती शिस्त नसेल, तर सैनिकाला वर्गात बोलाविले काय किंवा त्याचे चित्र भिंतीवर टांगले काय, दोन्ही सारखेच.