बिदरीतले काळे

चौलच्या आमच्या घरात बिदरी कामाचे एक पानदान आहे. एका दिवाळीच्या साफसफाईत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर तेही चिंचेने घासले गेले. चांदीची एकही तार निखळली नाही, पण काळी जमीन राखाडी झाली आणि वेलबुट्टी दिसेनाशी झाली. बिदरीला आपण सरसकट ‘चांदीचे जडावकाम’ म्हणतो. चांदी शाबूत असताना कलाकृती हरवते कशी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला.

बहमनी काळात चौल हे बिदरच्या सत्तेला समुद्राशी जोडणारे बंदर होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथेच उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला गेला. माझ्या प्रश्नाचे उत्तरही त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या कारागिराच्या कामाच्या क्रमात आहे.

जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. ते कानशीने साफ करून त्यावर मोरचुदाचे पाणी चोळतात, म्हणजे पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो. त्यावर टोकदार सळईने मोकळ्या हाताने नक्षी रेखून ती छिन्नीने खोदतात. खाचेत चांदीची तार ठोकून बसवली की तारकशी, पत्रा बसवला की तहनिशान. मग भांडे पुन्हा घासतात. कच्चे काळे निघून जाते आणि चांदी नि जस्त जवळजवळ एकरंगी दिसू लागतात. शेवटी भांडे किंचित तापवून बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप देतात. जस्त काळे पडते, चांदी तशीच राहते.

चिंचेने आमचे पानदान नेमके या शेवटच्या पायरीच्या अलीकडे नेऊन ठेवले होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की बिदरीचा कलावंत चांदी मांडतो ती अजून न आलेल्या काळ्यासाठी. तार दाट झाली तर काळ्याला श्वास उरत नाही, विरळ झाली तर वेल तुटते. दोन फुलांमधली जागा किती सोडायची, हा त्याचा खरा निर्णय. याउलट आपले बहुतेक लेखन किल्ल्यातल्या मातीच्या गूढावर थांबते. ती मातीही कारागीर जिभेवर चव घेऊन निवडतात. तिथेही पारख माणसाचीच आहे.

2006 मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे गावाचे नाव राखले गेले. 2023 मध्ये शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा एका हाताला नाव मिळाले. संग्रहालयांतल्या जुन्या सुरया नि हुक्क्यांखाली मात्र स्थळ आणि शतक असते, करणाऱ्याचे नाव क्वचितच. नाव नसेल तेथे समीक्षेने निदान त्याचे निर्णय वाचावेत.

आमच्या पानदानाला कुशल हाताकडून पुन्हा काळे चढवून घेता येईल. तोवर मी ते उजेडात तिरपे धरून पाहतो. आता नजर आधी तारेवर जात नाही, तारेने सोडलेल्या जागेवर जाते.