बंदुकीनंतरची सुरी

दिवाळीच्या फराळाशेजारी सुरीचा विषय काढणे काही वाचकांना, विशेषतः गृहिणींना, रुचणार नाही. पण कोणत्या कामाला कोणती सुरी घ्यावी, हे त्यांच्याइतके नेमके कोणत्या टीकाकाराला कळते? म्हणून शिकारकथेची माझी कसोटी मी त्यांच्यापुढेच मांडतो.

आपल्या बहुतेक शिकारकथा बार उडाला की संपतात. तोवर बंदुकीचे कोण कौतुक! तिची नळी, तिचे काडतूस, तिचा खांद्याला बसणारा धक्का! मग वाघ कोसळतो आणि लेखक पूर्णविराम देऊन मोकळा होतो. रानातले काम मात्र तेव्हा कुठे सुरू होते. पडलेल्या सांबराच्या अंगातली ऊब हीच त्याच्या मांसाची वैरी. खानदेशातल्या वैशाखात पोट वेळेवर साफ केले नाही तर मांस नासते. वाघाचे कातडे लवकर उतरवले नाही तर त्यावरचे केस मुठीमुठीने हाती येतात. बंदुकीचे काम क्षणाचे, सुरीचे प्रहरभराचे.

म्हणून शिकारकथा हाती आली की मी तीत आधी सुरी शोधतो. आणि सापडलीच, तर ती केवढी आहे ते पाहतो. रान न पाहिलेला लेखक नायकाच्या कमरेला हातभर सुरा लटकावतो. जाणता माणूस चार बोटांचे पाते निवडतो. पोट उघडताना टोक आत कुठवर गेले ते दिसत नाही, बोटाच्या आधारानेच ते चालवावे लागते. आतडे किंवा मूत्राशय फाटले की मांस बाटलेच. म्हणून टोक किंचित उतरते हवे, धार पुढे गोलसर हवी आणि मूठ ओल्या हातातून न निसटणारी हवी. घडीचा चाकू खिशाला सोयीचा खरा, पण त्याच्या सांध्यात रक्त आणि चरबी जाऊन बसते. कातडे आतल्या बाजूने कापायचे, कारण केसांवरून चालवलेली धार पाहता पाहता बोथट होते. साधे पोलाद गंजते, पण दगडावर चटकन पाजळता येते. रानात हा गुण मोठा. एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या वाघावर मी विश्वास ठेवतो.

जुन्या चिनी तत्त्वज्ञ च्वांग त्झूच्या नावावरील ग्रंथात एका खाटकाची कथा आहे. त्याची सुरी १९ वर्षे वापरूनही नव्यासारखी धारदार राहिली, कारण तो हाडावर घाव घालत नाही. सांध्यातली पोकळी शोधून तीतून पाते नेतो. त्याचे काम पाहून राजाला कसे जगावे याचा बोध होतो. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' (१९४४) या पुस्तकाची थोरवीही बारानंतरची आहे. वाघ पडल्यावर कॉर्बेट त्याचे तुटलेले सुळे, साळिंदराचे काटे, जुन्या जखमा तपासतो. हा माणसावर का उठला, हे त्याला जाणून घ्यायचे असते.

आमच्या खानदेशची कथा मात्र अर्धीच सांगितली गेली आहे. १८२५ साली जेम्स औट्रमने येथे भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे. पुढच्या दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारीत त्याचा हात होता. हा आकडा आपण कौतुकाने सांगतो. हाके घालणाऱ्या, माग काढणाऱ्या, उन्हात बसून कातडी उतरवणाऱ्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. साहेबाच्या बंदुकीला वाङ्मय मिळाले. भिल्लाची सुरी मुकी राहिली. वाङ्मयातला हा अन्याय लहान नाही, कारण जनावराचे अंतरंग ज्याने पाहिले तोच या कथेतून गळाला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार संपली, हे उत्तम झाले. शिकारीचा नाद असलेल्या व्यंकटेश माडगूळकरांनीही पुढे 'सत्तांतर' (१९८२) लिहिली ती वानरांच्या टोळ्यांवर. आता वाघ रानात मेला तर पशुवैद्य त्याचे शवविच्छेदन करतो, मरणाचे कारण शोधतो आणि मग कातड्यासकट त्याचे दहन होते. वाघाजवळ आलेली ही पहिलीच सुरी, जी त्याच्याकडून काहीही घेऊन जात नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतून आज भिल्ल-पावरांची मुले लिहू-वाचू लागली आहेत. माझ्यासारख्या मास्तराला त्यांच्याकडून एकच अपेक्षा आहे. आजोबा-पणजोबांच्या हातातल्या त्या लहानशा पात्याची कादंबरी त्यांनी लिहावी. बंदुकीच्या कथा आम्ही पुष्कळ वाचल्या.