उसने सूर, घरचा आवाज

'लिटल होंडा' हे मूळ बीच बॉइजचं गाणं, १९६४ सालचं. कॅलिफोर्नियाचं ऊन, लहानशी मोटरसायकल आणि एकमेकांत चपखल बसलेले स्वर. यो ला टेंगो या बँडने १९९७ साली ते गायला घेतलं, तेव्हा ऊन काढून टाकलं आणि इंजिनाची घरघर तेवढी ठेवली. गिटार घोंघावत राहते, गायक आयरा कॅप्लन त्यावर जवळजवळ पुटपुटतो. गंमत म्हणजे गाण्यातला पोरकट आनंद जराही उणावत नाही.

'आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग अ‍ॅज वन' या त्यांच्या सोळा गाण्यांच्या अल्बमवर हे गाणं आहे, आणि तो अशा उचलींनी गजबजलेला आहे. कॅप्लन बँड काढण्याआधी संगीतावर लिहीत असे. जॉर्जिया हबली ड्रमवर, जेम्स मॅक्न्यू बासवर. न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या या तिघांनी तो नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित केला. व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचं ऋण तर उघडच आहे. १९९६च्या 'आय शॉट अँडी वॉरहॉल' या चित्रपटात हे तिघे त्याच बँडच्या रूपात दिसले होते. 'डीपर इन्टू मूव्हीज'मधली गोंगाटाची भिंत त्या वळणाची. पण त्या भिंतीआडून जॉर्जियाचा स्वर ऐका: तो गोंगाटाशी झगडत नाही, चढतही नाही. 'मोबी ऑक्टोपॅड'मध्ये बासची एकच ओळ फिरत राहते आणि तिच्यावर बर्ट बॅकरॅकच्या 'बाँड स्ट्रीट'चा पियानो अलगद येऊन बसतो.

या अल्बमचं मर्म मला याच न चढणाऱ्या आवाजात सापडतं. चाल कुठूनही येवो, हे तिघे तिला आपल्या बोलण्याच्या पट्टीत उतरवतात. म्हणून 'सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी'च्या ब्राझिली बोसा नोव्हानंतर लगेच 'स्पेक बीबॉप'चा दहा मिनिटांहून लांब ऑर्गनचा घोष आला तरी दचकायला होत नाही. तो घोष मला किंचित लांबलेला वाटतो, हेही खरं.

'ऑटम स्वेटर' मात्र या साऱ्यांत उजवं. त्यात गिटारच नाही. ऑर्गनचे थोडे जाड सूर, जॉर्जियाचे सतत चालते ड्रम, माराकाचा खुळखुळाट. शब्द आहेत एका बुजऱ्या माणसाचे: चारचौघांतून निसटून तिच्याबरोबर कुठेतरी जावं, एवढीच त्याची इच्छा. धीर त्याच्या गळ्यात नाही, तालात आहे. कॅप्लन अडखळल्यासारखा गातो आणि ड्रम त्याला पुढे नेतात. हे नेमकं कोणाकडून घेतलं, ते मला शोधावंसं वाटत नाही.

शेवटचं गाणं पुन्हा उसनं. 'माय लिटल कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' अनिता ब्रायंटने १९६० साली लोकप्रिय केलं होतं. त्या काळच्या गोडव्याची टिंगल करणं नव्वदच्या दशकातल्या रॉक बँडला फार सोपं होतं. जॉर्जिया ते साधेपणाने, शब्दांवर पूर्ण विश्वास ठेवून गाते.